ताडी प्यायची तर झाडाजवळच!

जपानच्या नादा भागातली साके तिथल्या मियामिझु पाण्यामुळे ओळखली जाते, पण ती बाटलीत भरून जगभर जाते. डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीभोवती मिळणारी ताडी मात्र गाव सोडत नाही. मला तिचं वेड आहे ते याचसाठी.

साकेसाठी भातातल्या स्टार्चची साखर करायला कोजी ही बुरशी लागते. ताडाच्या रसात साखर आधीच असते. झाडावर चढून फुलोऱ्याचं टोक रोज थोडं थोडं कापायचं, खाली मडकं बांधायचं. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं आणि मिळते ती नीरा.

पहाटेची ताडी गोड, दुपारी आंबूस, संध्याकाळपर्यंत जिभेला झोंबणारी. सकाळची घ्या, सावकाश, घोट तोंडात फिरवत. आधी गोडवा, मग बारीक बुडबुडे, शेवटी हलका आंबटपणा. शिंदीच्या झाडाची ताडी मिळाली तर तीही शेजारी ठेवून चाखा. फक्त खात्रीच्या माणसाकडूनच घ्या. रसायन मिसळलेली ताडी जिवावर बेतते.

वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस दिसतो, तो ही ताडी काढणाराच!