सहाव्या जागेवरचं एक अक्षर

एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारे आजार शिकवताना परदेशी पुस्तकं बहुतेकदा सिस्टिक फायब्रोसिसचं उदाहरण घेतात. फुप्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साठवणाऱ्या या आजाराचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. ते १९८९ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून त्यात दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले. 'एफ-५०८-डेल' हा त्यातला एक बदल युरोपातल्या बहुसंख्य रुग्णांत आढळतो. भारतीय रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच कमी आहे, त्यामुळे युरोपीय यादीवर बेतलेल्या तपासणीत आपली मुलं निसटू शकतात.

इंदूरभोवती मात्र जनुकदोषाचा मोठा प्रश्न सिकलसेलचा आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी, खरगोन हा सगळा भिल्ल-भिलालांचा पट्टा. अलीराजपूरच्या दक्षिणेला नर्मदा ओलांडली की आपला नंदुरबार लागतो. तिथेही हाच आजार आहे.

यातला बदल एकच आणि ठरलेला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं. डीएनएमध्ये 'जीएजी'ऐवजी 'जीटीजी' आलं की तिथे व्हॅलिन येऊन बसतं. प्राणवायू कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दोन-तीन आठवड्यांतच फुटते. म्हणून रक्त सतत कमी. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं इतकी दुखतात की रुग्णाला कूस बदलवत नाही. जन्मतः गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं. ते ओसरल्यावर, साधारण सहा महिन्यांनंतर, हातपाय सुजू लागतात. या सुजेला अंगावर काढण्यासारखं दुखणं समजलं जातं, आणि निदानाची मोलाची वर्षं हातची जातात.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदवला गेला. मध्य भारतातली नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. विदर्भात तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. आपल्याकडच्या रुग्णांत या जनुकाच्या आसपासची रचना आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा वेगळी असते. तिला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. अशा रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकतं, म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य, असा समज रुजला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांचा अभ्यास केला, त्यात या समजाला तडा गेला. तिथल्या अनेक मुलांचा आजार मुळीच सौम्य नव्हता. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. 'आपल्याकडे तितकंसं नसतं' या विश्वासापायी मुलांच्या वेदनेकडे दुर्लक्ष होऊ शकतं.

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेशच्या सिकलसेल मिशनची सुरुवात झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. बदल एकच असल्यामुळे तपासणी सोपी आहे. आधी बोटातलं रक्त घेऊन चाचणी, मग प्रयोगशाळेत खात्री. दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. असा माणूस सहसा निरोगी असतो, शेतात राबतो, शाळेत धावतो. दोघांकडून आला तर 'एसएस', म्हणजे आजार. हायड्रॉक्सियुरियाने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि वेदनेचे झटके कमी होतात. लहानपणी पेनिसिलिन आणि लसी दिल्या तर जंतुसंसर्गातून होणारे मृत्यू टळतात. ही औषधं गावाजवळच्या आरोग्य केंद्रात बारा महिने मिळाली पाहिजेत. गोळ्यांसाठी इंदूरपर्यंत यावं लागलं, तर मजुरी बुडते आणि उपचार सुटतो.

दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ 'एसएस' असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब इथे चालत नाही. गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. सिकलसेलच्या रक्ततपासणीनंतर मिळणारं कार्ड लग्न ठरवताना दोन्ही घरांनी समोर ठेवायला हवं. फक्त मुलीचं कार्ड मागायचं आणि मुलाचं विचारायचंच नाही, हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही. वाहक मुलीत काहीच उणं नाही. नवरा वाहक नसेल, त्याच्या रक्तात दुसरा हिमोग्लोबिनदोषही नसेल, तर त्यांच्या एकाही मुलाला हा आजार होणार नाही.