भाषण लक्षात राहिलं, बिल विसरलं

१२ सप्टेंबर १९६२ रोजी ह्यूस्टनमधल्या राइस विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमवर, भर उन्हात, जॉन केनेडी यांनी अमेरिकेला चंद्रावर नेण्याचा बेत समजावून सांगितला. काम सोपं नाही, अवघड आहे, आणि म्हणूनच ते करायचं, अशा अर्थाचं त्यातलं वाक्य आजही कुठल्या ना कुठल्या माहितीपटात कानावर पडतं. ते ऐकताना अमेरिकी माणूस हळहळतो: असे नेते आता होणे नाही. ही हळहळ डाव्यांची आहे तशी उजव्यांचीही. नेत्याने स्वप्न दाखवलं, जनता भारावली आणि देश चंद्रावर पोचला, असा क्रम तिच्यात गृहीत धरलेला असतो. त्या काळची कागदपत्रं आणि एक ध्वनिफीत मात्र हा क्रम मोडून काढतात.

१२ एप्रिल १९६१ ला रशियाचा युरी गागारिन अंतराळातून पृथ्वीला फेरी मारून आला. त्यानंतर आठवड्याभरातच क्युबातल्या ‘बे ऑफ पिग्ज’मधला अमेरिकापुरस्कृत हल्ला फसून केनेडींच्या सरकारची पुरती नाचक्की झाली. २० एप्रिलला त्यांनी उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना चिठ्ठी पाठवली. अंतराळात रशियाला मागे टाकता येईल असं काही आहे का, हा तिचा रोख होता. स्वप्नाआधी ही विचारणा आली. पुढे राइसच्या भाषणाला जेमतेम सव्वादोन महिने झाले असताना, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, व्हाइट हाउसमध्ये ‘नासा’चे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी त्यांची खडाजंगी झाली. चंद्र हेच एकमेव पहिलं उद्दिष्ट मानायला वेब तयार नव्हते. केनेडींनी त्यांना सुनावलं, की रशियाच्या आधी पोचायचं नसेल तर एवढा पैसा ओतण्यात अर्थ नाही, कारण मला अंतराळात तसा काही रस नाही. सगळं टेपवर आहे. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर १९६३ मध्ये, हेच केनेडी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाला सुचवत होते, की चंद्रावर आपण मिळून जाऊ या. याला ढोंग म्हणणं अन्यायाचं होईल. खर्चाने धास्तावलेल्या राजकारण्याचा तो हिशेब होता.

आणि जनता? १९६०च्या दशकातल्या जनमत चाचण्यांत बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक अमेरिकनांना हा खर्च परवडण्याजोगा वाटत नव्हता. पारडं फिरलं ते माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास, तेही थोडंसंच. १९६९ मध्ये अपोलो ११ सुटायच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीतले नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनथी गरीब कुटुंबांना आणि खेचरगाड्यांना घेऊन फ्लोरिडातल्या प्रक्षेपण तळाच्या दारात निदर्शनं करत होते. एकीकडे रॉकेट, दुसरीकडे खेचरगाडी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या यानातले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले, तेव्हा त्यांना पाहायला तुफान गर्दी लोटली. मुंबईकरांना त्या मोहिमेसाठी एक पैसाही कर भरावा लागलेला नव्हता. आजच्या स्मरणरंजनाचंही तसंच आहे: साठ वर्षांनी बिल कुणाच्याच दारात येत नाही.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे नेत्याचं महत्त्व शून्य? तसं अजिबात नाही, आणि त्याचा पुरावा रशियातच आहे. तिथे सर्गेई कोरोल्योव्हसारखा अव्वल रचनाकार होता, पण चंद्रावर उतरण्याचा अधिकृत निर्णय १९६४ पर्यंत रेंगाळला, काम प्रतिस्पर्धी संस्थांत विभागलं गेलं, १९६६ च्या जानेवारीत कोरोल्योव्ह वारला आणि चंद्रासाठीच्या एन-१ रॉकेटची चारही उड्डाणं फसली. एकच ध्येय, एकच मुदत आणि एकच जबाबदार संस्था ठरवून देणं ही केनेडींची खरी कामगिरी. पण ती निभावली वेब आणि जॉन्सन यांनी, ज्यांच्या भाषणांची आठवण कुणी काढत नाही. वेब यांनी तज्ज्ञांच्या अंदाजावर भरपूर वाढ धरून अमेरिकी काँग्रेसपुढे आकडा ठेवला, म्हणून पुढे तोंड लपवायची वेळ आली नाही. १९६६ मध्ये केंद्रीय खर्चातले सुमारे ४.४ टक्के ‘नासा’कडे जात होते, आज अर्धा टक्काही जात नाही. त्या पैशातून काय होत होतं ते मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात दिसलं असतं. तिथे बायका अपोलो यानातल्या संगणकाची स्मृती अक्षरशः विणत: बारीक चुंबकी कड्यातून तार ओवली की १, कड्याबाहेरून नेली की ०. एक तार चुकली तर शोधून उसवायची आणि परत ओवायची. असलं काम टाळ्यांवर चालत नाही, दर महिन्याच्या पगारावर चालतं.

नुसत्या भाषणाने भागलं असतं तर १९८९ मध्येच भागलं असतं. २० जुलैला, चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या विसाव्या वाढदिवशी, थोरल्या बुशनी वॉशिंग्टनच्या हवाई-अंतराळ संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून चंद्रावर परत जाण्याची आणि पुढे मंगळाची घोषणा केली. खर्चाचा अंदाज सुमारे ५०० अब्ज डॉलर निघाला, काँग्रेसने हात आखडता घेतला आणि बोलाचीच कढी, बोलाचाच भात झाला. धाकट्या बुशनी २००४ मध्ये पुन्हा चंद्राची योजना मांडली. २०१० मध्ये ओबामांनी ती गुंडाळली. वक्त्यांची टंचाई नव्हती. टंचाई होती ती रशियाच्या धाकाची, आणि त्या धाकापोटी काही वर्षं तरी हात सैल सोडणाऱ्या काँग्रेसची.

खुद्द अपोलोच्या काळातही ही तयारी फार टिकली नाही. अपोलोला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं उत्पादन थांबवण्याचा निर्णय १९६८ मध्ये झाला, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधीच. नंतर तीन मोहिमाही रद्द झाल्या. शिल्लक राहिलेल्या टप्प्यांचं एक अख्खं सॅटर्न-५ ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्राच्या हिरवळीवर आडवं ठेवलं गेलं. जिथे ते भाषण झालं त्याच शहरात ते वर्षानुवर्षं उघड्यावर पडून होतं; त्याला गंज चढला, बुरशी लागली. डोक्यावर छप्पर आलं ते एकविसाव्या शतकात.