वू-टँग क्लॅन : वेगळं निघालेले भाऊ पुन्हा एका चुलीवर

मागच्या वेळी अकोल्याच्या एका पोरानं विचारलं होतं, "सर, जुने लोक परत आले का आपल्याले आनंद कावून नाही होत?" त्याचा रोख वू-टँग क्लॅनच्या 'अ बेटर टुमॉरो'वर होता. हा अल्बम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्याआधीचा २००७ चा. म्हणजे सात वर्षं वाट पाहून हाती पडलेला, आणि तरी ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले.

आता बघा, मूळ गोष्ट न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडची. नऊ जण. त्यांचा कर्ता म्हणजे रिझा. नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं बाकीच्यांना सांगितलं की पाच वर्षं माझा शब्द अखेरचा, मी तुम्हाला वर नेतो. पोरांनी ऐकलं. १९९३ मध्ये 'एंटर द वू-टँग' आला. जुन्या सोल रेकॉर्डचे तुकडे कापून केलेला खरखरीत ठेका, मधेच कुंग-फू सिनेमातले संवाद. ठेक्यावर जागा मिळवायला हे लोक आपसात भिडायचे, जो सरस त्याचं कडवं राहायचं. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची खुमखुमी म्हणा ना.

रिझाची दुसरी चाल व्यापाराची. गट एका कंपनीकडे, पण प्रत्येक जण एकट्याचा करार कुठंही करायला मोकळा. मेथड मॅन, रेक्वॉन, घोस्टफेस, सगळ्यांची स्वतंत्र नावं झाली. आपल्या भाषेत, भाऊ कमावते झाले आन् वेगळे निघाले. यात वाईट काहीच नाही. पण मग कर्त्याचा शब्द कोण पाळणार?

२०१४ मध्ये नेमकं हेच अडलं. रिझाला आता जिवंत वाद्यं हवी होती, मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओतल्या जुन्या वादकांसकट. सूर आशेचा, समजुतीचा. रेक्वॉनला ते पटलं नाही आणि त्यानं ते मुलाखतीत उघड बोलून दाखवलं. २००७ च्या अल्बमच्या वेळीही त्याची तक्रार हीच होती. शेवटी तो आला, गायला. पण समीक्षकांनी पुढं जे लिहिलं, ते घरातल्याच माणसानं आधी म्हणून ठेवलेलं होतं.

काहींना हा बदल प्रौढ वाटला. चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी विशीतला राग कुठून आणायचा, हा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. बाकीच्यांना सगळं गुळगुळीत वाटलं. (अल्बम न ऐकताच नावं ठेवणारेही होते, ते सोडा.) आणि ओल' डर्टी बास्टर्ड २००४ मध्येच गेलेला. त्याचा तो बेताल, हसवणारा आवाज ठेक्याला जी ओढ द्यायचा, ती भरून निघाली नाही.

माझं मत विचाराल तर वाद्यांचा दोष कमी आहे. शाहिराच्या मागं झीलकरी नुसते उभे असले तर पोवाडा चढत नाही, त्यांना त्याचा शब्द झेलावा लागतो. १९९३ मध्ये एकाचं कडवं संपायच्या आत दुसरा ते झेलतो. २०१४ मध्ये प्रत्येक जण आपलं कडवं चोख म्हणतो आणि बाजूला होतो.

आता ऐकूनच बघा. आधी १९९३ चं 'प्रोटेक्ट या नेक' लावतो, मग 'अ बेटर टुमॉरो'चं शीर्षकगीत. शब्द नाही कळले तरी चालतील, कोण कोणाचं ऐकतंय तेवढं पाहा.