होडी किती पेलेल?

जुनी होडी पाहायला गेलेला जाणता माणूस रंगाकडे बघत नाही. तो थेट मागे जातो आणि मोटर जिथे अडकवतात ती उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकतो. कोरडं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग मोटरचा खालचा भाग धरून ती पुढे-मागे हलवतो. ट्रान्सम जरा जरी लवला तरी किंमत पाडून मागायची, नाहीतर परत फिरायचं. त्यानंतर तळाखाली आडवं होऊन रिव्हेट तपासायचे आणि शेवटी मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक वाचायचा. अमेरिकेत १९७२ पासून कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीवर तो असतो आणि तिच्या बांधणीचं वर्ष त्यात असतं. विकणारा काहीही सांगो, होडीचं वय तिच्या अंगावर लिहिलेलं असतं.

हे सगळं मला माझ्या शेजाऱ्यांकडून कळलं. मी विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसला राहते. मिसिसिपी नदी ही इथली हद्द, पलीकडे मिनेसोटा. शेजारी निवृत्त वेल्डर आहेत, वयाने सत्तरीचे, आणि लहानपणापासून या नदीवर बदकांच्या शिकारीला जाणारे. त्यांनी १४ फुटांची, सपाट तळाची, ॲल्युमिनियमची एक जुनी होडी आणली. इकडे तिला जॉन बोट म्हणतात. पत्र्याचे जोड रिव्हेटने सांधलेले होते, आणि रिव्हेट ठोकायला एक माणूस आत आणि एक बाहेर लागतो. म्हणून मी त्यांच्या गॅरेजमध्ये गेले, आणि मग पानगळ सुरू होईपर्यंत जात राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी एकाही अवजाराला हात लावला नाही. होडीच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी असते. किती माणसं, एकूण किती वजन, जास्तीत जास्त किती अश्वशक्तीची मोटर, हे त्या पट्टीवर छापलेलं असतं. २० फुटांखालच्या होड्यांना ती कायद्यानेच लागते. चिखल पुसून त्यांनी ते आकडे वाचले आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले. होडीत जे जे बसवलं जाईल त्याचं वजन त्याखाली मांडायचं, असा त्यांचा नियम. मला वाटलं होतं, बदकांची होडी म्हणजे मुख्यतः लपण्याची कला. पण त्यांच्या दृष्टीने ती वजनाची बेरीज होती, आणि मलाही काम पुढे गेलं तसं ते पटत गेलं.

कारण पहिलं लपलेलं वजन बाकांखालीच निघालं. छोट्या होड्या पाण्याने भरल्या तरी बुडू नयेत म्हणून त्यांच्या बाकांच्या पोटात फोम भरलेला असतो. नवा असताना तो हलका असतो. पण वर्षानुवर्षं पावसाचं पाणी, हिवाळ्यात त्याचा बर्फ, पुन्हा पाणी, असं होत होत फोमच्या पेशी फुटतात आणि तो पाणी पिऊन बसतो. आम्ही बाकांवरचे पत्रे काढले आणि करवतीने फोमचे ठोकळे कापून बाहेर ओढले. एकेक ठोकळा उचलताना दोन हात लागत होते, आणि जमिनीवर ठेवला की खालून ओघळ सुटत होता. जी वस्तू होडीला तरंगत ठेवण्यासाठी भरलेली, तीच तिला खाली ओढत होती. त्या जागी शेजाऱ्यांनी घरांच्या भिंतींना ऊब धरून ठेवण्यासाठी लावतात ते दाबीव पॉलिस्टायरीनचे पाटे कापून बसवले. ते पाणी जवळजवळ शोषत नाहीत. मात्र पेट्रोल लागलं तर विरघळतात, म्हणून इंधनाची टाकी त्यांच्यापासून लांब आणि पाट्यांखाली पाणी वाहून जायला मोकळी वाट.

मग गळती शोधायची. होडी ट्रेलरवरच ठेवून आतून पाणी भरायचं आणि बाहेरून थेंब कुठे येतो ते बघत मेणखडूने खूण करत जायचं. पण पाणी किती भरायचं याचाही हिशेब आहे. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर फक्त १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ अर्धा टन. ट्रेलरचे आधार नीट नसतील तर तळच वाकायचा. आम्ही तळाला जागोजागी लाकडाचे ठेपे दिले आणि थोडं थोडं पाणी सोडलं. बऱ्याच वेळाने एका शिवणीवर पहिला थेंब जमला, मग त्याच रांगेत दुसरा. जोडपट्टी पाण्याने भरली की पाणी तिच्या आतून सरकत जातं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येतं, त्यामुळे एका थेंबावर विश्वास ठेवायचा नाही, अख्खी रांग धरायची.

सैल रिव्हेट पुन्हा घट्ट करताना मी आत बसून जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरायचे आणि ते बाहेरून डोक्यावर हातोडी घालायचे. ॲल्युमिनियमच्या पोकळीत बसून तो आवाज ऐकणं सोपं नाही. कानात बोळे घालूनही घाव दातांत जाणवतो. पण घट्ट बसलेल्या रिव्हेटचा स्वर वेगळा असतो. आधीचे दोन-तीन घाव खुळखुळतात आणि मग एक घाव भरीव लागतो. तो आला की पुढे जायचं. ज्यांची भोकंच मोठी झाली होती ते रिव्हेट ड्रिलने काढून, एक माप मोठे नवे, तेही सागरी चिकट सीलंट लावून बसवले. शेवटी सगळ्या शिवणींवर आतून पातळ इपॉक्सी. तो पत्र्यांच्या फटीत स्वतःच ओढला जातो.

ट्रान्समच्या लाकडाबद्दल शेजारी सगळ्यात कडक होते. होडी आधी ज्याच्याकडे होती त्याने कुजलेलं प्लायवुड काढून औषध लावलेलं, न कुजणारं प्लायवुड घातलं होतं. वरकरणी शहाणपणाचं वाटतं. पण अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी आर्सेनिकचं जुनं औषध बंद झालं आणि त्या जागी भरपूर तांबं असलेली औषधं आली. तांबं, ॲल्युमिनियम आणि ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आम्ही ती फळी काढली तेव्हा मागचा पत्रा आतून पांढऱ्या भुकटीने भरलेला आणि जागोजागी खड्डे पडलेला होता. एके ठिकाणी तर स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आरपार गेलं. लाकूड शाबूत आणि धातू सडलेला! शेजाऱ्यांनी तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड केला, साध्या सागरी प्लायवुडचे दोन थर इपॉक्सीने जोडले, कडा आणि प्रत्येक बोल्टचं भोकसुद्धा इपॉक्सीने बंद केलं. लाकूड कुजायला सुरुवात होते ती बहुतेकदा भोकातून.

मोटरचं काम त्यामानाने लवकर आटोपलं. जुनं आउटबोर्ड सुरू करण्याआधी खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघायचं. ते दुधाळ दिसलं तर सील फुटून पाणी आत शिरलंय, आणि तसंच हिवाळ्यात ठेवलं तर बर्फ होऊन गिअरचं घर तडकतं. आमचं तेल काळं पण स्वच्छ होतं. पंपाचं रबरी चाक बदललं, कार्ब्युरेटर धुतला. दलदलीतून जायला लांब दांड्याच्या मड मोटरही मिळतात. थायलंडच्या नद्यांवर चालतात त्याच जातीच्या. लुइझियानातल्या गो-डेव्हिल कंपनीने त्या १९७७ पासून शिकाऱ्यांसाठी बनवायला घेतल्या. शेजाऱ्यांच्या मित्रांकडे त्या आहेत आणि वेली-चिखलातून त्या खरोखर निघतात. पण त्या जड, आणि सगळं वजन अगदी मागच्या टोकाला. शेजाऱ्यांनी भिंतीवरची बेरीज बघितली आणि साधी मोटर ठेवली. उथळ पाण्यात मोटर वर उचलून लांब काठीने ढकलत जायचं.

लपण्याचं काम ऑगस्टमध्ये सुरू झालं, आणि तेव्हा बाहेर सगळं हिरवंगार होतं. रंग मात्र वाळक्या गवताचा आणला, कारण शिकार होते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणकणीस पिवळं-करडं होऊन मोडून पडतं तेव्हा. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच जो थर येतो त्यावर रंग टिकत नाही, म्हणून आधी घासणं, मग धातूला चावून धरणारा प्राइमर, मग मंद, चमक नसलेला रंग. बदकांना अतिनील किरणही दिसतात. आपल्या डोळ्यांना जुळलेला रंग त्यांनाही जुळेलच असं नाही. रंगापेक्षा चकाकी आणि सावली जास्त घात करते, असं शेजारी म्हणतात. बदक वरून येतं, त्याला होडीची बाजू नाही तर तिचं उघडं पोट दिसतं, गवतातला एक काळा चौकोन. म्हणून आतून, तळावर, वल्ह्यांवरसुद्धा तोच रंग. फक्त नोंदणीचा क्रमांक सोडून. तो किमान तीन इंच उंच आणि उठून दिसणाऱ्या रंगातच हवा. जिचं एक एक अंग लपवायचं, तिच्या दोन्ही गालांवर ठळक नंबर असतो, आणि ते योग्यच आहे. संकटात शोधणाऱ्याला ती सापडली पाहिजे.

आडोशाची चौकट हलक्या नळ्यांची केली, दोन्ही काठांवर बिजागरीने पडणारी. त्यावर जाळी आणि जाळीत मित्राच्या शेताच्या बांधावरून कापून आणलेल्या वाळक्या गवताच्या पेंढ्या. इथे मला वाटलं तेवढं गवत भरावं. शेजाऱ्यांनी अर्ध्यावर थांबवलं. उभा आडोसा म्हणजे शीड, वारा त्याला धरतो. शिवाय होडी उलटली तर आतल्या माणसाला लाथेसरशी बाहेर पडता आलं पाहिजे. त्यांनी मला आत बसवून, डोळे मिटायला लावून, आडोसा ढकलून बाहेर यायला सांगितलं. ते जमेपर्यंत एकही पेंढी वाढवली नाही.

या काळजीमागे इथे एक तारीख आहे. ११ नोव्हेंबर १९४० ला पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीची सुट्टी होती. सकाळ उबदार, बदकांचे थवेच्या थवे, आणि शिकारी साध्या जाकिटांत नदीच्या बेटांवर गेलेले. दुपारपर्यंत वादळी वारा, मग पाऊस, मग हिमवादळ. छोट्या होड्या लाटांत भरल्या, माणसं बेटांवर अडकली आणि रात्रीत गोठली. एकट्या मिनेसोटात ४९ जण गेले, त्यांतले जवळपास निम्मे बदकांचे शिकारी. आमच्या वरच्या अंगाच्या विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनराड दुसऱ्या दिवशी छोटं विमान घेऊन त्या पाण्यावर घिरट्या घालत राहिला, अडकलेल्यांना डबे टाकत, शोधणाऱ्यांना दिशा दाखवत. शेजाऱ्यांच्या वडिलांनी ते दिवस पाहिले होते. घरात त्याबद्दल फार बोलणं होत नसे, पण होडीत वजन किती याची चौकशी केल्याशिवाय वडील मुलांना पाण्यावर जाऊ देत नसत.

मी स्वतः बंदूक धरत नाही आणि धरणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला, आणि तो तसाच मिटलेला बरा, असं माझं मत आहे. तरी इथलं एक मला मान्य करावं लागतं. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दर वर्षी एक सरकारी तिकीट घ्यावं लागतं. पहिल्याची किंमत एक डॉलर होती, आता २५ आहे, आणि त्यातले ९८ टक्के पैसे पाणथळ जागा विकत घेण्यात, राखण्यात जातात. ला क्रॉसच्या दारातून जाणारं २६१ मैलांचं नदी-अभयारण्य तर त्याच्याही आधीचं, १९२४ चं. १९३० च्या दशकात नदीवर बंधारे झाले, मागे उथळ पाणी पसरलं, त्यात वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत वाढलं आणि ते खायला कॅनव्हासबॅक बदकं हजारोंनी उतरू लागली. गोदावरीवरच्या नांदूर मध्यमेश्वरची कथा याच वळणाची: बंधारा, साचलेला गाळ, मग पक्षी. दोन्ही पाणथळी आज महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत, इथली २०१० पासून, नांदूर २०१९ पासून. पक्ष्यांना जागा कोणी राखली यावर माझा आणि शेजाऱ्यांचा बराच वाद झाला आणि अजून होतो.

सप्टेंबरात होडी पहिल्यांदा पाण्यात गेली, पण शिकारीला नाही, वजनाच्या परीक्षेला. दोन माणसं, पाण्यातले छातीपर्यंतचे रबरी पोशाख, लाइफ जॅकेटं, काळी लॅब्रेडॉर कुत्री, बॅटरी, नांगर, भरलेली टाकी, जेवणाचा डबा, आणि फसवी प्लॅस्टिकची बदकं, दोरी आणि शिशाच्या वजनांसकट. बंदुका आणि काडतुसांऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या. सगळं आपापल्या जागी ठेवून, कुत्रीला पुढे बसवून, शेजाऱ्यांनी टेप काढली आणि ट्रान्समपाशी पाण्यापासून काठापर्यंतची उंची मोजली. पट्टीवरच्या वजनाच्या आत आम्ही होतो. तळ कोरडा होता. मग त्यांनी मला आणि कुत्रीला एकाच बाजूला, मारलेलं बदक उचलायला वाकतात तसं, झुकायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं.

त्यांना तो आकडा आवडला नाही. वाद न घालता त्यांनी फसव्या बदकांचं एक अख्खं पोतं काठावर काढून ठेवलं, मग गॅसची शेगडी, मग बसायची जादा पेटी. तिसऱ्यांदा मोजलं. होडी किनाऱ्यावर ओढून बूच काढलं, कायद्याप्रमाणे सगळं पाणी सोडलं, ट्रेलरला चिकटलेली पाणवेल झटकली, आणि घरी येऊन भिंतीवरच्या यादीतल्या तीन ओळी खोडल्या. शेगडी हवी असेल तर दोन माणसांऐवजी एकच जाईल, असं त्यांनी मला सांगितलं, आणि शिकारीला ते आपल्या भावाबरोबरच जातात, त्यामुळे शेगडी शेल्फवर परत गेली.