एका कंदाची अनेक नावे : स्पॅनिश पाकपरंपरेतील रताळे

भाषा आणि आहार यांचा परस्परसंबंध तपासताना रताळ्याचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हा कंद १४९२ नंतर स्पॅनिश लोकांना प्रथम कॅरिबियन बेटांवर आढळला. तेथील ताइनो भाषेतील ‘बताता’ हे नाव त्यांनी स्वीकारले. १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यावर याच कंदाचे नाहुआत्ल नाव ‘कामोत्ली’ त्यांच्या कानी पडले व त्याचे ‘कामोते’ झाले. बटाटा त्यांना भेटला तो त्यानंतर, पेरूच्या स्वारीत, १५३० च्या दशकात. त्याचे क्वेचुआ नाव ‘पापा’. लॅटिन अमेरिकेने ते जपले. स्पेनमध्ये मात्र ‘पापा’ व ‘बताता’ यांची सरमिसळ होऊन बटाट्यास ‘पताता’ हा शब्द रूढ झाला.

आजही रताळ्याच्या नावाबाबत स्पॅनिश भाषकांत एकवाक्यता नाही. मेक्सिको व पेरूमध्ये ‘कामोते’, पोर्तो रिको व अर्जेंटिनात ‘बताता’, तर क्यूबात ‘बोनियातो’. पेरूमध्ये लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाबरोबर, म्हणजे ‘सेविचे’बरोबर, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी वाढतात, त्यांच्या गोडीने आंबटपणा सौम्य होतो. मेक्सिकोतील पुएब्ला शहराची रताळ्याची मिठाई ‘कामोते’ याच नावाने ओळखली जाते.

अकापुल्को व मनिला यांदरम्यान १५६५ ते १८१५ या काळात चाललेल्या गलबत-व्यापारामुळे मेक्सिकोतील नाव फिलिपिन्सला पोचले. तेथे तेलात तळून साखरेत घोळवलेल्या व काडीला टोचलेल्या फोडी ‘कामोते-क्यू’ नावाने रस्तोरस्ती विकतात. मंद विद्यार्थ्यास “घरी जाऊन कामोते लाव” असे सुनावण्याची रीतही तेथे आहे. (अध्यापकवर्गास हा सूर अपरिचित नसावा!)

मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बताता’वरून आला. पोर्तुगीजांत तो पुढे बटाट्यास लागला आणि रताळे ‘गोड बताता’ झाले. आपल्याकडे ‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’वरून आलेला, गुजरातीत ‘रताळू’ अद्याप जांभळ्या कोनफळासच म्हणतात. अर्थात रताळ्याचे मूळ अमेरिकी नाव आपण बटाट्यास दिले आणि रताळ्यास एका जुन्या देशी कंदाचे. म्हणूनच पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘बताता’ या उल्लेखावरून पश्चिम किनाऱ्यावरील बटाट्याच्या लागवडीचा काळ ठरविणे धोक्याचे आहे. अनुवादकानेही अर्जेंटिनातील ‘दुल्से दे बताता’ बटाट्याची वडी म्हणून मराठीत आणू नये. ती रताळ्याची आहे.