छापील पुस्तिका, मोबाइलमधलं बायबल आणि न सापडणारा ‘माणूस’

इंदूरमधल्या आमच्या बायबल अभ्यासगटात नऊ-दहा जण जमतात. घरी कोणी मराठी बोलतं, कोणी मल्याळम; गट चालतो हिंदीत. प्रत्येकाकडे एक छापील पुस्तिका असते: उतारा, त्याखाली पाच-सहा प्रश्न आणि उत्तरासाठी मोकळ्या ओळी. शिवाय आता बहुतेकांच्या मोबाइलमध्ये बायबलचं ॲप आहे. ही दोन्ही एकत्र कशी वापरायची, ते इथे लिहिते आहे. कोणताही जुना ग्रंथ वाचताना ते उपयोगी पडावं.

ॲप दोन-तीन भाषांतरं शेजारी-शेजारी दाखवतं, आणि चांगलं असेल तर शब्दावर बोट ठेवताच मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द आणि त्याचा क्रमांक. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग या अमेरिकन अभ्यासकाच्या १८९० च्या शब्दसूचीतले. हिब्रूचे ८६७४ पर्यंत, ग्रीकचे ५६२४ पर्यंत. संगणक नसताना, सगळं हातानं!

आता एक उदाहरण. योहानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू तळ्याकाठी शिष्यांना न्याहारी देतो, आणि मग पेत्राला त्याच्या प्रेमाविषयी तीनदा विचारतो. पुस्तिकेतला प्रश्न असा होता: हे दृश्य आधीच्या कोणत्या प्रसंगाची आठवण करून देतं? तीनदा नाकारल्याची, हे सगळ्यांनीच सांगितलं. पण गटातल्या एक मावशी, ज्या मोबाइल फक्त फोन करायला वापरतात, जरा थांबून म्हणाल्या, “अगं, त्या रात्रीही विस्तव पेटलेला होता ना?”

मग मी ॲप उघडलं. कोळशांच्या विस्तवाचा ग्रीक शब्द ‘अँथ्राकिया’, क्रमांक ४३९. संपूर्ण नव्या करारात तो फक्त दोनदा येतो: योहान १८:१८, जिथे पेत्र शेकत उभा असताना नाकारतो, आणि २१:९, या न्याहारीच्या वेळी. ॲपला हे शोधायला दोन सेकंद लागले. पण कोणत्या शब्दावर बोट ठेवायचं, ते मावशींनी सांगितलं.

याच अध्यायात ॲप फसवतंही. पहिल्या दोन वेळा येशू ‘अगापाओ’ (२५) हे क्रियापद वापरतो, पेत्र उत्तरात ‘फिलेओ’ (५३६८). तिसऱ्यांदा येशूही ‘फिलेओ’च म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे सहसा ‘लव्ह’च. क्रमांक वेगळे दिसले की लगेच सिद्धांत तयार: एक उच्च प्रेम, दुसरं साधं. प्रवचनांतही हे लोकप्रिय आहे. पण तेच ॲप आणखी थोडं चाळा. पित्याचं पुत्रावर प्रेम आहे हे सांगताना ३:३५ मध्ये एक क्रियापद आहे, ५:२० मध्ये दुसरं. येशूच्या लाडक्या शिष्याबद्दल १३:२३ मध्ये एक, २०:२ मध्ये दुसरं. म्हणजे योहान दोन्ही शब्द आलटून-पालटून वापरतो, आणि तो सिद्धांत मला तरी डळमळीत वाटतो. क्रमांकावरून शब्द कळतो. वाक्यात त्याचा अर्थ काय, हे वाचूनच ठरवावं लागतं.

मराठीत शोधताना आणखी एक गंमत. साधा शोध अक्षरं जुळवतो, व्याकरण जाणत नाही. ‘माणूस’ टाकलं तर ‘माणसाला’, ‘माणसांनी’ सापडणार नाही. सामान्यरूपात ‘णू’चा ‘ण’ होतो ना! म्हणून ‘माणस’ टाकायचं. ‘पाऊस’साठी ‘पावस’, ‘मेंढरू’साठी ‘मेंढर’. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी शेवटचा इकार दीर्घ झाला, त्यामुळे जुन्या छपाईवरून घेतलेल्या पाठात ‘प्रीति’ असतं आणि आपण ‘प्रीती’ शोधत बसतो. दोन्ही टाकून बघा. पंडिता रमाबाईंनी केडगावला केलेलं, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं भाषांतर वाचणाऱ्यांना हे विशेष जाणवेल.

कॅथलिकांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. पुस्तिकेत टोबिट किंवा सिराकचा संदर्भ आला आणि ॲपमध्ये तो नसला, तर ॲप बिघडलेलं नाही, आवृत्ती वेगळी आहे. स्तोत्रांचे क्रमांकही जुन्या लॅटिन परंपरेत बहुतेक ठिकाणी एकानं मागे असतात. मेंढपाळाचं २३ वं स्तोत्र तिथे २२ वं. आमच्या घरी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ कागदावर आहे, अडलं की ते उघडते.

गटात आम्ही क्रम ठरवला आहे. आधी उतारा मोठ्यानं वाचायचा, मग पेन्सिलीनं उत्तरं लिहायची. तोवर सगळे मोबाइल पालथे. पहिल्याच मिनिटाला कोणी स्क्रीनवरचं भाष्य वाचून दाखवलं, की मावशींसारखी माणसं गप्प बसतात. “त्यात लिहिलंय ना, मग मी काय सांगू?” हे मी एकदा ऐकलं आहे. चर्चा झाल्यावर प्रत्येकानं एकच शब्द निवडायचा, तो ॲपमध्ये बघायचा आणि सापडलेले संदर्भ पुस्तिकेच्या समासात लिहायचे. माझ्या पुस्तिकेत २१ व्या अध्यायाशेजारी आता ‘४३९, विस्तव, १८:१८’ असं लिहिलेलं आहे, आणि पुढे कंसात मावशींचं नाव.