डाव थांबवायचा कोणी?

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त द्यूताध्यक्ष नावाचा एक राजपुरुष भेटतो. जुगार एकाच नेमून दिलेल्या ठिकाणी चालावा, अन्यत्र खेळणाऱ्याला बारा पणांचा दंड व्हावा, फासे अध्यक्षाने भाड्याने द्यावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राज्याने घ्यावेत, अशी तेथील व्यवस्था आहे. चोरीछुप्या मार्गाने उपजीविका करणारे लोक ओळखता यावेत, हा या एकत्रीकरणाचा हेतूही ग्रंथकाराने लपवलेला नाही. मनुस्मृतीची भूमिका नेमकी उलट आहे. राजाने आपल्या राष्ट्रातून द्यूत हद्दपारच करावे, असे ती सांगते. याज्ञवल्क्य पुन्हा राजाच्या देखरेखीखालील द्यूताला मान्यता देतो. बंदी की नियमन, हा वाद आपल्याकडे संसदेहून, किंबहुना न्यायालयांहूनही कितीतरी जुना आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने या वादात मनूच्या बाजूने कौल दिला, असे म्हणता येईल. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा लोकसभेत २० तारखेला मांडला गेला आणि त्याच दिवशी संमत झाला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेची मोहोर उमटली आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशा त्यातल्या तरतुदी आहेत. पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्या बँका व मध्यस्थही कक्षेत आले. खेळणाऱ्याला मात्र या कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि ते योग्यच झाले. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि त्यांचे वीस हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान होते, असा सरकारचा अंदाज त्या वेळी सांगण्यात आला. कायद्याला दिलेली आव्हाने पुढे सर्वोच्च न्यायालयात एकत्र करण्यात आली.

दोन दिवसांत, जवळजवळ चर्चेविना झालेल्या कायद्याबद्दल प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला थोडी धास्ती वाटतेच. कारण जुगाराच्या कायद्यांचा आपला इतिहास तंत्राच्या मागे धापा टाकत धावण्याचा आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा घ्या. तो अड्ड्याच्या चार भिंती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता, आणि 'केवळ कौशल्याच्या' खेळांना त्याने सूट दिली होती. त्यानंतर तीसच वर्षांत कोलकात्याच्या बडाबाजारात पावसावर पैजा लागू लागल्या. ठरलेल्या वेळेत पाऊस पडेल का, छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील इतका पडेल का, यावर रकमा लागत. ना पत्ते, ना फासे! अखेर १८९७ मध्ये बंगालला पावसावरच्या जुगारासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्वातंत्र्यानंतर आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धेचे प्रकरण गाजले. स्पर्धा चाले बंगळुरूहून निघणाऱ्या साप्ताहिकातून, प्रवेशिका व पैसे मात्र मुंबई राज्यातूनही जात. बाहेरून चालणाऱ्या या व्यवसायावर मुंबई सरकारला कर लावता येतो का, असा पेच होता. १९५७ मध्ये सरन्यायाधीश एस. आर. दास यांच्या पीठाने मुंबई सरकारच्या बाजूने निकाल दिला. ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सांगितले. आज 'बंगळुरू'च्या जागी एखादे दूरचे बेट घालावे, साप्ताहिकाच्या जागी ॲप घालावे. पेच तोच आहे, फक्त ते बेट आपल्या न्यायालयांच्या हुकमतीत नाही.

कौशल्य आणि नशीब यांतील भेदावर आपल्या न्यायालयांनी अर्धशतक खर्च केले. १९६७ मध्ये रमी कौशल्याची ठरली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. माझ्या मते हा भेद खेळणाऱ्याच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. त्याचे नशीब ठरते ते दोन गोष्टींनी: अड्डेवाल्याचा हिस्सा किती आणि डाव किती वेगाने येतो.

पहिली गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. युरोपीय पद्धतीच्या रूलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरे असतात. समजा, कोणी प्रत्येक घरावर शंभर रुपये लावले, म्हणजे एकूण ३,७०० रुपये. एक घर लागणारच. त्यावर पस्तीस पट, म्हणजे ३,५०० रुपये आणि लावलेले शंभर परत मिळतात, एकूण ३,६००. प्रत्येक फेरीत शंभर रुपये कमी, म्हणजे शेकडा २.७. अमेरिकी चाकावर शून्याची दोन घरे असतात, तेथे हे प्रमाण ५.२६ होते. यात कोणी फसवत नाही. नियमच तसा आहे. आणि एवढा हिस्सा ऐकून कोणालाही वाटेल की यात कसला सर्वनाश?

सर्वनाश वेगात आहे. मोबाइलवरील स्लॉट यंत्राचा हिस्सा शेकडा चार धरू. वीस रुपयांचा डाव, दर तीन सेकंदांनी एक. तासाला बाराशे डाव, चोवीस हजारांची उलाढाल आणि सरासरी ९६० रुपयांचे नुकसान. खिशातून प्रथम भरलेले असतात दोन हजार, पण तेच पैसे अनेकदा फिरतात, अधूनमधून जिंकल्याचा घंटानाद होतो, आणि 'शेकडा चार' ही संख्या अर्धा खिसा रिकामा करून जाते. केरळ सरकार १९६७ पासून लॉटरी चालवते. तिच्या तिकिटात सरकार व विक्रेते यांचा वाटा याहून कितीतरी मोठा. पण तिकीट घेतल्यावर सोडतीपर्यंत थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. ऑनलाइन कॅसिनोने नेमका हा थांबा काढून टाकला. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'च्या आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेला अंदाज म्हणूनच गांभीर्याने घ्यावा लागतो: ऑनलाइन कॅसिनो वा स्लॉट खेळणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे १५.८ टक्क्यांना जुगाराचा विकार असू शकतो, आणि किशोरवयीनांत हे प्रमाण २६.४ टक्के.

विकार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला दारू व अमली पदार्थांच्या शेजारी, व्यसनांच्या वर्गात बसवले. तिच्या निकषांत नऊ लक्षणे आहेत; वर्षभरात त्यांपैकी चार आढळली तर निदान होते. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळायला बसणे, किती खेळतो याबद्दल खोटे बोलणे, मन उदास असताना खेळाकडे वळणे, रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणे, ही त्यांतली काही. हस्तिनापूरच्या सभेत धर्मराजाने काय केले ते आठवले तर पहिले लक्षण समजावून सांगण्याची गरज उरत नाही. आणि तो दुसऱ्यांदाही खेळायला आला होता, हे आपण बहुधा विसरतो.

दक्षिणेतील एका राज्यात मी विभागप्रमुख असताना भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याचे अर्ज माझ्याकडे येत. बहिणीचे लग्न, घराची डागडुजी, आईचे आजारपण अशी कारणे असत आणि सहसा ती खरीच असत. एका लिपिकाचे चौदा महिन्यांत तीन अर्ज आले. तिसऱ्या अर्जानंतर त्याची पत्नी कार्यालयात आली. 'साहेब, पगार माझ्या खात्यात जमा करता येईल का?' एवढेच तिने विचारले. कर्मचाऱ्याच्या इच्छेविना तसे करता येत नाही, हे मी तिला सांगितले. मग त्यालाच बोलावून घेतले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि नंतर त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला: पगार दोघांच्या संयुक्त खात्यात जावा. ते खाते मोबाइलला जोडलेले नव्हते, कार्ड पत्नीकडे राहिले. सात महिने सुरळीत गेले. आठव्या महिन्यात त्याने एका झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे उचलले आणि वसुलीवाल्यांचे फोन थेट कार्यालयात येऊ लागले. त्यानंतर तो शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागला. पुढे माझी बदली झाली.

त्या संयुक्त खात्याचा मी पुढे बराच विचार केला. 'जबाबदारीने खेळा' ही सूचना जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने वाचली जाते, तेव्हा तिचा अर्थ 'तुमचे तुम्ही बघा' असा होतो. जबाबदार जुगाराची शास्त्रीय चौकट म्हणून २००४ मध्ये रेनो प्रारूप मांडले गेले, आणि सगळा भार खेळणाऱ्याच्या निवडीवर टाकल्याबद्दल त्यावर टीकाही भरपूर झाली. ती टीका मला पटते. पण या कल्पनेच्या गाभ्यात एक ठोस गोष्ट आहे: निर्णय डाव सुरू होण्यापूर्वी घ्यायचा आणि तो नंतर बदलता येणार नाही अशी सोय करून ठेवायची. महिन्याला किती रक्कम जाऊ द्यायची ते आधी लिहून ठेवणे, ती सिनेमाच्या तिकिटासारखी खर्चात धरणे, उसन्या पैशाने वा क्रेडिट कार्डावर कधीही न खेळणे, घड्याळ लावणे, जिंकलेली रक्कम लगेच खात्यातून काढणे, आणि महिनाअखेर आठवणीवर विसंबण्यापेक्षा बँकेच्या उताऱ्यावरून हिशेब करणे. आठवण जिंकलेले डाव जपते, उतारा सगळे सांगतो.

या शिस्तीला यंत्रणेची जोड काही ठिकाणी मिळाली आहे. ब्रिटनने एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला, २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या दोन डावांत किमान अडीच सेकंदांचे अंतर बंधनकारक केले आणि २०२५ मध्ये एका डावाची मर्यादा पाच पौंड, पंचविशीच्या आतील तरुणांसाठी दोन पौंड ठरवली. तेथे गॅमस्टॉप या नोंदवहीत एकदा नाव घातले की परवानाधारक सगळी ऑनलाइन संकेतस्थळे त्या माणसाला दार बंद करतात. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन सट्ट्यासाठी बेटस्टॉप ही तशीच नोंदवही ऑगस्ट २०२३ पासून आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे शिक्षणासाठी या देशांत आहेत. त्यांना ही दोन नावे ठाऊक असलेली बरी.

आपल्याकडे तामिळनाडूने असा प्रयत्न केला होता. त्याच्या प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम केले: मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पैशांचे खेळ बंद, आधारवर आधारित ओळखपडताळणी, तासाभरापेक्षा अधिक खेळल्यास दर अर्ध्या तासाने पडद्यावर इशारा. जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरवले, आणि दोन-अडीच महिन्यांत केंद्राच्या कायद्याने तो खेळच बंद केला. या नियमांनी काय साधले असते, हे मोजण्याची संधी आपण गमावली. मला त्याची हळहळ वाटते.

बंदीनंतर देशी कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे खेळ थांबवले, क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे नाव बदलले. परदेशी संकेतस्थळे मात्र दुसऱ्याच्या नावावरील बँकखाती, समाजमाध्यमांवरील गट आणि रोज बदलणारे पत्ते यांच्या आधारे ग्राहक शोधत राहतात. अशा ठिकाणी 'जबाबदारीने खेळा' असा सल्ला मी देऊ शकत नाही. मर्यादा घालण्याची सोय नाही, जिंकलेली रक्कम मिळेल याची हमी नाही, तक्रारीला जागा नाही. तेथे जबाबदारीचा एकच प्रकार संभवतो, न जाण्याचा. दुसरीकडे गोव्यात मांडवीवरची जहाजे उभीच आहेत. गोव्याने फेब्रुवारी २०२० पासून स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत मज्जाव केला. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना नाही. सिक्कीमचेही तसेच. आपल्या माणसांसाठी जे घातक ते पाहुण्यांसाठी चालते, हे धोरण महसुलाच्या भाषेत समजते, अन्य भाषेत नाही. शिवाय जुगार हा राज्यांच्या सूचीतला चौतिसावा विषय. केंद्राचा कायदा फक्त ऑनलाइन खेळांपुरता आहे.

तेव्हा बंदीबरोबर जे काम व्हायला हवे ते यंत्रणेचे आहे. ज्याला स्वतःला अडवायचे आहे त्याला बँकेकडे एक अर्ज देऊन जुगाराकडे जाणारे व्यवहार रोखता यावेत, आणि तो अडसर मागे घ्यायला काही दिवसांची प्रतीक्षा असावी. ब्रिटनमधल्या अनेक बँका अशी सोय देतात. यूपीआय चालवणाऱ्या देशाला ती तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावी. झटपट कर्जाच्या ॲपनाही ती लागू झाली पाहिजे, अन्यथा आठव्या महिन्याचे फोन चालूच राहतील. जहाजांवरील कॅसिनोंनाही स्वेच्छेने नाव वगळण्याची, सगळ्यांनी मिळून पाळायची नोंदवही सक्तीची करता येईल. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिरेकी वापरावर उपचार करणारा 'शट' दवाखाना २०१४ पासून आहे. जिल्हा रुग्णालयांतून तसे जाळे अजून उभे राहिलेले नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, दिवसरात्र, मराठीतूनही. खेळणाऱ्यासाठी ती आहेच. घरातल्या माणसानेही फोन केला तरी चालतो.